व्हॉल्व्हवरचं जास्तीचं कुलूप

सोमवार
नवं काम लागलं. इमारतीच्या तळघरात वाफेच्या पाइपांवर काचलोकर, म्हणजे उष्णता धरून ठेवणारी काचेच्या तंतूंची लोकर, गुंडाळायची. ह्यांचंच काम हे. ते गेल्यापासून त्यांचा मास्क खुंटीला होता. आज मी बांधला. पट्टा सैल पडतो, पण सोबत असल्यासारखं वाटलं. काचलोकर फार खाजते, बाह्या मनगटापर्यंत हव्यात. फिटरकाका म्हणाले, वहिनी, पहिल्या दिवशी सगळेच नाचतात.

एक पद्धत आवडली. पाइपांच्या भुयारात शिरण्याआधी ज्यानं त्यानं तोंडावरच्या झाकणाजवळ, बाहेर असलेल्या वाफेच्या व्हॉल्व्हला आपलं कुलूप लावायचं, चावी जवळ ठेवायची, बाहेर आल्यावर आपणच काढायचं. एकही कुलूप असेतो व्हॉल्व्ह उघडत नाही. चाचणीची वाफ भुयारातच मोकळी होते. आत कुणी राहिलं तर शिजून निघेल.

मंगळवार
भुयारात एकटीच होते. बाहेर येऊन कुलूप काढलं, तरी व्हॉल्व्हला एक उरलंच. बिल्ल्यावर ‘लंबू’ कोरलेलं. अक्षरं उशिरा शिकले, त्यामुळे दिसेल ते वाचते. फोरमन म्हणाला, तुमच्याआधीचा गडी, भांडून गेला.

बुधवार
बूट चढवताना दिसलं, ‘लंबू’ लिहिलेल्या फळीवर त्याच्या चपला अजून आहेत. काकांना म्हटलं, रागानं गेलेला माणूस चपला विसरेल, कुलूपही विसरेल? ते हसले, वहिनी, तुम्ही पाइप बघा, चपला कशाला बघता. हसताना नजर फोरमनच्या केबिनकडे.

हे नेहमी सांगत, कुलूप लटकतंय तोवर माणूस आत आहे असंच धरायचं.

गुरुवार
फोरमन आपणहून चहा घेऊन आला. उद्या दुपारी चाचणी, त्याआधी लंबूचं कुलूप तोडू. आतल्या शेवटच्या वळणाचं काम झालंय, तिकडे जाऊ नका, म्हणाला.
मी वळणाचं विचारलंच नव्हतं.

शुक्रवार, सकाळ
कुलूप लावून आत आले. वळणावर गुंडाळी दुप्पट जाड. शिवण उसवली. काचलोकरीत हातमोजा.
रिकामा नाही.

परत झाकणाशी. बाहेरून कडी. हाका मारल्या. पलीकडे कुणीतरी आहे, श्वास ऐकू येतोय. फोरमन. हळूच म्हणाला, चपला बघायला नको होत्या, वहिनी.

करकर. कटर चालतोय. एक कुलूप पडलं. लंबूचं असेल—

वही गुंडाळीत खोचून ठेवीन. काचलोकर जळत नाही. कुणी उसवलं तर—

दुसरं पडलं.
माझी चावी माझ्या मुठीत आहे. आणि पाइप गर