माहेरून आलेला हीटर

ठियोग, मार्गशीर्ष

प्रिय उर्मिल,

अनेक आशीर्वाद. परवा अम्मा तुझ्याशी फोनवर बोलत होती, तेव्हा मी शेजारीच जप करीत बसलो होतो. या हिवाळ्यात तू सोलनहून इकडे येणार नाहीस, तिथेही मुन्नूच्या खोलीत हीटर लावीत नाहीस आणि लेकराजवळ एकटी थांबायला भितेस, हे सारे मी ऐकले. ‘अम्मा, माझ्या हातांचा मलाच भरवसा राहिला नाही,’ असे तू म्हणालीस. त्यानंतर माळेचे मणी फिरत राहिले. नाम मात्र मुखातून निघेना.

इकडे बर्फ लवकर पडले. आपला जुना तारेचा हीटर अठरा हिवाळे टिकला खरा, पण त्याची तार आता आठवड्यातून दोनदा तुटते. काशीराम मिस्त्री ती पिळून जोडतो आणि म्हणतो, “पंडितजी, हिची गत तुमच्या संध्येसारखी. रोज नव्याने करायची!” तरी मला तोच प्रिय, कारण तो निःशब्द तापतो. मुन्नूच्या जन्मानंतर तुझी आई बसमधून मांडीवर घेऊन आली तो पंख्याचा हीटर मला प्रथमपासूनच रुचला नव्हता, हे तू जाणतेस. त्याची घरघर माझ्या पाठात शिरे. “पिताजी, बाळ निजलंय, थोडा वेळ राहू द्या ना,” असे तू विनवायचीस, आणि मी उदारपणाचा आव आणून मान डोलावीत असे.

गेल्या माघातली ती सकाळ तुला विसरता येत नाही, मलाही नाही. मुन्नू पाळण्यात होता, मी आसनावर होतो. तू माझा धुतलेला, अजून किंचित ओला लोकरी पट्टू हीटरजवळच्या खुर्चीच्या पाठीवर पसरलास आणि स्वयंपाकघरात सिड्डूचे पीठ मळायला गेलीस. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. धूर झाला, मुन्नू गुदमरून खोकू लागला, तू धावत येऊन जळता पट्टू उघड्या हाताने ओढलास. अम्मा दारातच कडाडली, “वा गं शिकलेली! कपडे वाळवायला चूल ओस पडली होती? लेकरू भाजून काढलं असतंस!” भाजलेला तळवा पदराखाली लपवून तू म्हणालीस, “मीच खुर्चीवर टाकला होता, घसरला असेल.” आणि मी? मी पोथीवर दृष्टी ठेवून पुढचा श्लोक म्हटला. पुढे गावात कुणी विचारले, तर वर सांगत राहिलो की माहेरच्या वस्तू टिकायच्या किती. सहा आठवड्यांत हीटर जळाला.

गेल्या बुधवारी अम्माने तोच हीटर काशीरामकडे टाकला. त्याने तो उघडला, आतली जळकी लोकर चिमट्याने काढली, आणि पंखा सुरू झाला. “यंत्रात खोट नाही, पंडितजी. याचा श्वास कोंडला होता. घसरलेला कपडा असा मागून-पुढून चिकटत नाही. कुणीतरी नीट गुंडाळलाय,” तो म्हणाला, आणि मग हसून, “सूनबाईंना वाटलं असेल, बिचाऱ्याला थंडी वाजते!” दुकानातले चौघे हसले. उर्मिल, मीही हसलो.

घरी आलो, वाढलेले ताट बाजूला सारले. शेवटी अम्मासमोर हात जोडले आणि सांगितले. ती म्हणाली, “हे मला काय सांगता? तिला सांगा. आणि फोनवर नको. बोलताना मध्ये शास्त्र घालाल अन् निसटाल. लिहा.”

म्हणून लिहितो आहे. पट्टू घसरला नव्हता. तू पाठ वळवताच मी तो खुर्चीवरून उचलला आणि घरघर दबावी म्हणून त्या हीटरभोवती गुंडाळला. आवाज थांबला, मला समाधान वाटले. जळका वास मला तुझ्या आधी आला होता. अध्यायाचे पाच श्लोक उरले होते. अध्याय अपुरा सोडून आसनावरून उठू नये हा नियम मी आयुष्यभर पाळला, आणि हातभर अंतरावर तुझे लेकरू असतानाही पाळला. मौन हे कधी व्रत असते आणि कधी असत्य, हे मी किती सभांतून सांगितले असेल. माझ्या घरात ते काय होते, हे मला त्याच क्षणी कळले होते. हे पत्र माझ्या लेकाला, लोकेंद्रला दाखव, तुझ्या आईला वाचून दाखव. काशीरामच्या दुकानात जाऊन त्या चौघांना मी आज सकाळी सांगून आलो. कुणी हसले नाही. तू ये अथवा येऊ नकोस, क्षमा कर अथवा करू नकोस. तो अधिकार तुझा आहे. परंतु मुन्नूला निःशंक उचलून घे, त्याची खोली उबदार ठेव. त्या दिवशी या घरात त्याला वाचवणारे हात दोनच होते, आणि ते तुझे होते.

तुझाच अपराधी,
पिताजी