युवराजाची ओवाळणी

माण, ता. मुळशी
एप्रिल २००३

तीर्थरूप विठ्ठलमामांच्या चरणी निषादचा दंडवत. तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि दारातली म्हैस, तिन्ही बरी असोत. (म्हशीची चौकशी राहिली की तुम्ही रागावता.) माझं म्हणाल तर मी संपलो. नोकरी शाबूत आहे, डबा वेळेवर येतो, वजनही वाढलंय. पण आतून संपलो. आणि त्याला कारण तुम्ही.

दिवाळीत तुम्हाला सांगितलं होतं, की मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो त्या बाजींची मुलगी अपेक्षा मला फार आवडते, आणि इतक्या दिवसांत 'टाकी भरली' याखेरीज एक शब्द मला तिच्याशी बोलता आलेला नाही. तेव्हा तुम्ही सुपारी कातरता कातरता म्हणालात, ज्याला स्वतःचं बोलता येत नाही त्यानं दुसऱ्याचं पाठ करावं. मग आता चैत्रात जत्रा आली. इथे जत्रेला जुन्या वळणाचं शोकान्त नाटक होतं. शत्रूच्या मुलीवर जीव जडलेला युवराज शेवटच्या अंकात विषाचा पेला पिऊन मरतो. दरवर्षी मरणारा सिद्धनाथ यंदा मोटारसायकलवरून पडून प्लास्टरमध्ये. बाजी म्हणाले, "तुमी शिकल्यालं, पाठ लवकर हुईल. उभं ऱ्हावा." मी राहिलो. म्हटलं, पहिल्या रांगेत बसून अपेक्षा बघेल तरी की हा माणूस प्रेम करायला लागला की किती करतो!

पण मामा, इथली एक रीत मला कुणी सांगितली नव्हती. पडदा उघडण्याआधी, ज्या घरातला नट युवराज होतो त्या घरच्या लेकीनं त्याला सगळ्या गावासमोर ओवाळायचं. चिमाबाईंना (म्हणजे अपेक्षाच्या आईंना) मुलगा नाही. त्यामुळे त्यांचा आनंद तर गगनात मावेना. मी मिशी, तलवार, कागदी मुकुट लावून पाटावर, समोर निरांजन घेऊन अपेक्षा, आणि प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून सिद्धनाथ माइकवर ओरडतोय, "अपेक्षाताईला भाऊ न्हवता, आज खंडोबानं दिला! टाळ्या!" गावानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. (हात आपोआप जातात हो.) तबकात काहीतरी घालावं तर राजवस्त्राला खिसा नाही, शेवटी गळ्यातली खोट्या मोत्यांची माळ काढून घातली. ती भाड्याची, कपडेवाला अजून माझ्याशी बोलत नाही.

मग नाटक. नायिका पुण्याहून आणलेल्या नलिनीबाई, वयानं आमच्या आईएवढ्या. त्यांचा हात धरून मी 'प्रिये' म्हणायचं आणि समोर नुकतीच बहीण झालेली प्रिया पदराआड हसतेय! तिसऱ्या अंकापर्यंत माझ्यात जगण्याची इच्छाच उरली नव्हती. पेला तोंडाला लावला आणि मला खरंखुरं रडू कोसळलं. पडलो, पुन्हा उठलो, आईला हाक मारली, ती नाटकात नव्हती. बायका हुंदके देत होत्या. मांडीवर माझं डोकं घेतलेल्या नलिनीबाई कुजबुजल्या, "अहो, मरा की लवकर, पाय बधिर झाले." मी मेलो. असा युवराज गावानं पाहिला नव्हता म्हणे. चिमाबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि म्हणाल्या, "भाऊ आसावा तर आसा."

इथवर ठीक होतं. पण येत्या रविवारी शेजारच्या चांदे गावाहून अपेक्षाला बघायला पाहुणे येताहेत, आणि बाजींनी मला बजावलंय, "भाऊ म्हणून बैठकीत बसायचं. पोराला काय इचारायचं त्ये तुमीच इचारा. लग्नात कान पिळायचा मान बी तुमचाच." मामा, मी ज्याचा गळा दाबायला हवा त्याचा कान पिळू? युवराजाचं बरं होतं, त्याला विष तरी मिळालं. मला इथे पोहे मिळणार.

मी खोली सोडून गावी येतोय. माझी गादी झटकून ठेवा.

तुमचा अभागी भाचा,
निषाद

ता. क. यातलं आईला काही सांगू नका. ती आधी हसेल, मग सगळ्या गल्लीला सांगेल.

ता. क. दोन. पाकीट चिकटवणार तोच अपेक्षा जिन्यात भेटली. ती मोत्यांची माळ माझ्या हातात ठेवून म्हणाली, "ही घ्या. मेल्याल्या मान्साची ओवाळणी घरात ठिवू न्हाई." मला काही कळेना. तशी म्हणाली, "मी ओवाळलं त्ये युवराजाला. त्यो मेला, समद्या गावानं बघितलं. तुमाला कुटं ओवाळलंय मी? आता रविवारच्या आत कुणी मोटं मानूस आणा, न्हाईतर बसा पोहे खात." तेव्हा गादी झटकू नका. पत्र मिळताच मामींना घेऊन निघा आणि काहीही करून शनिवारी इथे पोचा. बाजींशी बोलायचं तुम्हीच, पाया पडतो.

ता. क. तीन. मी तिला काय उत्तर दिलं, असं मामी विचारतीलच. मी म्हणालो, "टाकी भरली."