न छापलेल्या ओळी

लातूर, सोमवार

प्रिय इंदू,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, तर एवढ्यानेच मला अर्धं बरं वाटेल. तू क्लास सोडून चौदा महिने झाले. मी बरी आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणजे थकले आहे. अब्बांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलंय, तरी पुस्तकबांधणीचं काम सोडत नाहीत. अम्मी दर आठवड्याला तुझी चौकशी करते. इंदू नांदेडला मजेत आहे, असं मी सांगते. तू भावाकडे राहून घरी शिकवण्या घेतेस, यापलीकडे परवाच्या शनिवारपर्यंत मला काहीच माहीत नव्हतं.

क्लास तसाच आहे. तुझ्या जागी आलेले भौतिकशास्त्राचे सर फळ्याकडेच तोंड करून शिकवतात. प्रश्नपेढी अजून मीच सांभाळते, आणि वैजनाथ सर क्लासचे मालक असूनही परीक्षक असल्यासारखे अजून प्रत्येक गोष्ट कागदावर मागतात. तुझं कपाट कुणालाच दिलेलं नाही, त्यात आता जुने पंखे ठेवलेत.

आपण प्रश्नपेढी गिट नावाच्या संगणक-प्रणालीत ठेवायला लागलो तेव्हा किती खूश होतो! फाइलची कालची प्रत आणि आजची प्रत ताडून कुणी कुठली ओळ बदलली ते सगळं दिसणार. काढलेल्या ओळीपुढे उणेची खूण, घातलेल्या ओळीपुढे अधिकची. पहिल्याच आठवड्यात वैजनाथ सर तो फरकाचा कागद नाचवत तुझ्या वर्गात शिरले, ‘मॅडम, ह्या गोळ्याचं वजन उणे कसं काय झालं हो?’ तू खडू ठेवून इतकी हसलीस की पोरंही हसायला लागली. मग मी त्या खुणा काढून ‘काढलं’ आणि ‘घातलं’ असे शब्द आणले. आपला प्रिंटर काळा-पांढरा, त्यावर लाल-हिरवं काय दिसणार, म्हणून बदललेला शब्द कंसात घेतला. फाइलींच्या मराठी नावांच्या जागी आकड्यांची रांग यायची, तीही घालवली. माझ्या खुर्चीमागे उभी राहून तू म्हणालीस, कहकशां, तू तर त्याला पार लातूरकर करून टाकलंस. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

पण सरांचं समाधान आठवडाभरही टिकत नाही. पोरांनी शेजारच्याचं बघू नये म्हणून आपण एकाच पेपरचे चार संच करायचो. प्रश्न फाइलीत एकदाच लिहिलेले, छापताना त्यांचा क्रम बदलायचा, आणि खाली चारही संचांच्या उत्तरांच्या ओळी. क्रम बदलला की त्या सगळ्या ओळी बदलायच्या आणि फरकाचा कागद तीस पानांवर जायचा. ‘एवढं कोण वाचून राहिलंय? कामाचं तेवढंच द्या की,’ असं सर चिडून म्हणाले. म्हणून मी एक सूचना घातली: ज्या बदलात फक्त ‘उत्तर’ने सुरू होणाऱ्या ओळी आहेत, तो बदल दाखवायचाच नाही. तीस पानांचं दीड पान झालं, सरांनी शाबासकी दिली. तुला मी हे सांगितलं नाही. लपवलं नव्हतं, सांगण्याजोगं वाटलं नाही इतकंच.

पुढचं तुला माहीत आहे, पण अर्धंच. खास तुकडीच्या निवड चाचणीच्या आदल्या दुपारी तू दोन प्रश्नांची भाषा सुधारलीस. त्यानंतर तासाभराने मी ‘ब’ संचाचा क्रम नव्याने पाडला आणि घाईत त्याला मागच्या महिन्याच्या क्रमाची उत्तरं चढवली. सत्तावीस उत्तरं चुकली. यादी लागली, हुशार पोरं बाहेर राहिली, अहमदपूर-देवणीहून आलेले पालक जिन्यावर ठाण मांडून बसले. आणि चाळीस जणांच्या यादीत नेमकं तुझ्या भाचीचं, सिंधुचं नाव होतं. सरांनी फरकाचा कागद काढला. त्यावर तुझे दोन प्रश्न आणि तुझं नाव, म्हणजे भाचीसाठी पेपरात तूच हात घातलास असं सगळ्यांनी धरलं. माझा सगळा बदल उत्तरांच्या ओळींतला, त्यामुळे त्यातली एकही ओळ छापली गेली नव्हती. ‘कागदावर तुमचंच नाव हाय मॅडम, आता मी काय बोलू?’ असं सर म्हणाले, तेव्हा तू तो कागद माझ्या हातात दिलास. तुला यातलं कळतं, तूच सांग, म्हणालीस. मी कागद वरखाली पाहिला आणि म्हणाले, यात तरी एवढंच दिसतंय.

इंदू, हे म्हणतानाच मला ती सूचना आठवली होती. वाक्य खोटं नव्हतं, म्हणून ते तोंडातून सहज निघून गेलं. मी भ्याले. तू संध्याकाळी रिकामा डबा घेऊन जिना उतरलीस आणि मी खिडकीशी उभी राहिले. सोमवारी सांगते, महिन्याअखेरीस सांगते, अब्बांचं ऑपरेशन होऊन जाऊ दे मग सांगते, असं करत गेले. सरांनी चाचणीच रद्द केल्यामुळे कुणी परत काही तपासलं नाही. मी एकदा गुपचूप तपासलं. खऱ्या उत्तरांनी सिंधु सातवी येते. माझ्या चुकीच्या उत्तरांनी ती एकतिसावी गेली होती. पोरीचं नुकसान झालं ते झालं, वर मावशीने पेपर फोडला असं गावभर झालं. मला तुझ्यासमोर यायची फार लाज वाटते, इंदू. बाजारात तुझ्यासारखी साडी दिसली तरी मी गल्ली बदलते.

शनिवारी नांदेडच्या एका कॉलेजातून फोन आला, तो मीच उचलला. तू तिथे शिकवण्याच्या नोकरीसाठी अर्ज केलास म्हणून तुझ्याबद्दल विचारत होते. तिथला क्लार्क सहज बोलून गेला की, जुन्या क्लासला विचारणार असाल तर माझा अर्ज परत द्या, असं तूच त्यांना म्हणालीस. पण त्यांनी गुरुवारची मुलाखत अजून रद्द केलेली नाही. आज सकाळी मी ती सूचना काढून त्या दिवसाचा पूर्ण फरक छापला आणि सरांपुढे ठेवला. सरांनी बराच वेळ वाचला. ‘झालं ते झालं, आता हे बाहेर काढायचं न्हाई,’ म्हणाले. मी राजीनामा टेबलावर ठेवून आले. पूर्ण कागद आणि माझी सही केलेली कबुली कॉलेजच्या प्राचार्यांच्या नावाने वेगळ्या पाकिटात घातली आहे. दोन्ही पाकिटं घेऊन माझा भाऊ बिलाल उद्या सकाळच्या एसटीने निघेल. आधी कॉलेजात जाईल, मग तुझ्याकडे येईल. मला माफ करू नकोस, उत्तरही लिहू नकोस. फक्त तो अर्ज परत घेऊ नकोस. गुरुवारी अकरा वाजता मुलाखतीला जा.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेली,
कहकशां