मागच्या दिव्याचं खरं-खोटं

१७ नोव्हें., सोमवार
ब्रेकचा दिवा परत. शाळेच्या पोरांना माझ्या व्हॅनमध्ये घेऊन निघाले होते. धाकटी जाऊ शीला रोज स्कुटीवर माझ्या मागूनच येते, तिची अंगणवाडी त्याच रस्त्याला. फाट्यावर वळण्याआधी गाडी खिडकीशी आणून म्हणाली, "ताई, तुमी ब्रेक मारता त मांगचे लाइट लागून नाई रायले. दोनी." गेल्या आठवड्यातही हेच.
पोरं सोडून थेट आमगावला गाडीच्या मिस्त्रीकडे. तो मागे उभा राहिला, मी ब्रेक दाबला. "लागून रायला ना बाई, चांगला लाल." पुन्हा दाबला. पुन्हा लाल.
पुढच्या शुक्रवारी आरटीओत गाडीचं पासिंग. नाही झालं तर शाळा दुसरी व्हॅन लावणार, हेडबाईंनी तोंडावर सांगितलंय. आणि शीलाचा नवरा, आमचे भाऊजी, परवाच फोनवर कुणाला तरी सेकंडहँड व्हॅनचं विचारत होते. मी काही म्हणत नाही. फक्त लिहून ठेवते.

१८ नोव्हें., मंगळवार
अंगणात ह्यांना मागे उभं केलं. "लागला?" "लागला." हातात मोबाइल. मग मी पाय पूर्ण उचलला आणि विचारलं, "आता?" "लागला."
असा नवरा.
पुढचे दिवे रस्त्यावर पडतात, ते दिसतात. मागचा आपला आपल्याला दिसत नाही. कोणाच्या तरी शब्दावर चालायचं, आणि माझ्या मागे कोण, तर शीला. सकाळी ती परत म्हणाली, नाही लागला. दुपारी मिस्त्री म्हणाला, लागतो. म्हणजे एक जण खोटं बोलतोय. मिस्त्रीला खोटं बोलून काय मिळणार? बिघाड सांगितला तर उलट त्यालाच काम. उरली कोण?

२० नोव्हें., गुरुवार
काल दोन्ही बल्ब नवे टाकले, पेडलजवळचा स्विचही बदलून घेतला. तरी आज सकाळी शीलाचं तेच. नाही लागला. संध्याकाळी नळावर राहवलं नाही.
"मिस्त्रीले दिसते, आमच्या यायले दिसते, तुलेच कसा दिसत नाई?"
"मी मांगून येतो ना ताई. दिसला नाई त नाई म्हनतो. खोटं कायले सांगू?"
"भाऊजी व्हॅन पाहून रायले ना."
बोलून गेले. तिची बादली अर्धीच भरली होती, तशीच उचलून घरात गेली.
बरं वाटलं. मनात ठेवून कुढण्यापेक्षा एकदा बोललेलं बरं.

२२ नोव्हें., शनिवार
शीला आता माझ्या आधी निघते. मागे कोणी नाही. खरी असती तर आली असती मागून, असं सकाळी वाटलं. दुपारपर्यंत ते तितकंसं पटेना.
पोरांना घेऊन येताना रेल्वे फाटक बंद होतं, मागे एक मोटारसायकलवाला थांबला होता. मान बाहेर काढून विचारलं. तो म्हणाला, "नहीं जल रहा, भाभी. एक भी नहीं." गोंदियाचा दिसला. भाऊजींचं सगळं उठणं-बसणं गोंदियातच.
हे लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. पण खोडत नाही.

२३ नोव्हें., रविवार
नवं धान भरडायला व्हॅनमधून राइस मिलवर नेलं. मागच्या बाकांवर पोती, पुढे हे. गाडी मागे घेत गोडाऊनमध्ये घातली. आत अंधार, मागे तांदळाच्या पांढऱ्या पोत्यांची थप्पी. ब्रेकवर पाय होताच. आरशात पाहिलं. थप्पी पांढरीच. लाल उजेड नाही.
हमालांनी पोती उतरवली. पुन्हा ब्रेक दाबला. थप्पी लालेलाल.
म्हटलं, दोन पोती परत ठेवा. "कायले बाई? आताच त उतरवली." ठेवली. लाल गेला. काढली. आला.
बाकावर वजन असलं की दिवा विझतो. मिस्त्रीकडे मी जाते ती रिकामी गाडी घेऊन. घरी उभी असते ती रिकामी. शीला पाहते ती पोरं बसलेली असताना. मिस्त्री खरा, शीलाही खरी. आणि तो मोटारसायकलवालाही, बिचारा.
म्हणजे पोरं बसली की दिवा नाही. इतके दिवस मी त्यांना तशीच नेत होते, आणि सांगणारीवर डोळे काढत होते. हे म्हणाले, "सापडलं ना, मग झालं." ह्यांचं सगळं असंच पटकन होतं.

२४ नोव्हें., सोमवार
घरोघरी फोन केले, आज व्हॅन नाही. मिस्त्रीने मागचा बाक उचलला. खाली वायर दबून तुटायला आली होती, बाकावर कोणी बसलं की सुटायची. नवी जोडली, वरून नळी चढवली. मी घरून दोन पोती घेऊनच गेले होते. ती ठेवून दाखवलं त्याने. लाल. "आता तरी पटलं का?"
पटलं म्हणाले. पण पोरं पोत्यांसारखी बसत नाहीत.
शीलाकडे गेले नाही. काय तोंडाने जाणार? तिच्या दारावरून दोनदा जाऊन आले, दुसऱ्यांदा रिकामी बादली घेऊन.

२८ नोव्हें., शुक्रवार
गोंदियाला पासिंग. भली मोठी रांग. साहेबांनी मागे जाऊन हात केला, मी ब्रेक दाबला, त्यांनी मान हलवली. झालं.
हे पेढे घेऊन आले. मला गोड लागले नाहीत. गाडी रिकामी होती. रिकाम्या गाडीचा दिवा तर आधीही लागतच होता.
शीलाच्या घरी पेढे ह्यांनीच नेले. "काय म्हणाली?" "काही नाही." ह्यांनी ऐकलं असेल तर शपथ.

१ डिसें., सोमवार
फाटक बंद. आरशात पाहते तर मागे शीला. मुद्दाम आली की तिला उशीर झाला होता, देव जाणे. पोरं मागच्या बाकावर उड्या मारत होती. तिने स्कुटी खिडकीशी आणली. मीच विचारलं, "शीला, लागला का गं?"
"खरं सांगू, का तुमच्या मनातलं सांगू?"
मान वर होईना. म्हटलं, "खरं सांग. चुकलं माझं."
तेवढ्यात फाटक उघडलं, मागच्यांनी हॉर्न लावले. तिने तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि हातानेच मला पुढे व्हायला सांगितलं.
फाट्यावर ती रोज अंगणवाडीकडे वळते. आज वळली नाही. शाळेपर्यंत माझ्या मागेच राहिली, मध्ये दुसरी गाडी येऊ न देता. शाळेच्या गेटजवळ पाय टेकवून पोरं उतरेपर्यंत थांबली, आणि तशीच परत फिरली.
दिवा लागत नाही म्हणून मागे राहिली, की लागतो का ते नीट पाहत राहिली? दोनदा फोन केला, उचलला नाही. अंगणवाडीत ती कुणाचाच उचलत नाही, की फक्त माझा? दुपारी पोरांना आणताना गाडी विसाच्या वर नेली नाही.
आता नळावर बादली नि ही वही घेऊन तिची वाट बघत बसले आहे. पाणी अजून आलेलं नाही. तिच्या घरचं दार उघडं दिसतंय.