दोनशे ग्रॅम आत की बाहेर

थोरले मेहुणे वसंतदादा यांच्या चरणी नमस्कार (डाव्या गुडघ्याला जरा जपून). तेल चोळता का, वहिनींची सर्दी गेली का, कळवावे. व्हॉट्सॲपवर एवढं लिहिलं असतं तर तुम्ही नुसता अंगठा पाठवला असता, म्हणून पत्र.

आमच्याकडे सर्व ठीक, म्हणजे आता ठीक. तुमची बहीण इंदू घरी सावजी मसाला करते आणि दोनशे ग्रॅमची पाकिटं लकडगंजच्या हर्षित शेठकडे देते, हे तुम्ही जाणताच. (काटा दोनशेवर आला की वरून एक चिमूट टाकतेच. तुमच्या घरची सवय.) तर शेठ म्हणाले, पाकिटं कमी भरतात, माल बंद. इंदूने मसाल्याला हात लावणं सोडलं.

मी म्हटलं, भांडता कशाला, संख्याशास्त्र आहे. (हिंगण्याच्या ड्युटीवरून आल्यावर मोबाईलवर पाहून, कोणाच्याही शिकवणीशिवाय मी ते शिकलो, हे मागेही कळवलं होतं.) शेठच्याच काट्यावर तीस पाकिटं तोलली, सरासरीच्या दोन्ही बाजूंना हिशेबाने जागा सोडून पंच्याण्णव टक्के विश्वासाचा पट्टा आखला. नियम सोपा आहे: दोनशे पट्ट्याच्या आत असेल तर 'सरासरी दोनशे' हा दावा नाकारता येत नाही, बाहेर असेल तर दावा बाद. दोनशे बाहेर निघालं. मी भर दुकानात जाहीर केलं, दावा बाद. शेठने मान डोलावली. इंदूने पिशवी उचलली आणि दारातून वळून म्हणाली, "तुमचा पट्टा दोनशेच्या खाली आहे का वर, एवढं तरी पाहून सांगा न."

पाहिलं. दोनशे एक ते दोनशे पाच. आत की बाहेर याच्या नादात कोणत्या बाजूला, हे मी पाहिलंच नव्हतं. दावा बादच होता दादा, पण जास्तीच्या अंगाने.

"म्हणजे मी जास्त देऊन राहिली, आन् तुम्ही मले चोर करून राहिले," म्हणत ती ऑटोत बसली. शेठ खजील, माल सुरू, माझा जीव भांड्यात.

आपला (पंच्याण्णव टक्के तरी) गुणी जावई,
कवडू

ता. क. रविवारी जेवायला याच. सध्या मला नुसती खिचडी मिळते, तीही ताटात आदळून. पाटोडीचा रस्सा ती तुमच्यासाठीच करेल.

दुसरा ता. क. तोलताना रिकाम्या पाकिटाचं वजन वजा करायचं राहिलं, हे काल ध्यानात आलं. ते तीन ग्रॅम. म्हणजे पट्टा एकशे अठ्ठ्याण्णव ते दोनशे दोन, आणि दोनशे अगदी मधोमध. ती कमी देते असं म्हणता येत नाही, जास्त देते असंही नाही. शेठला कळवलं, ते म्हणाले, मग चालू द्या. इंदूला मात्र तुम्हीच सांगा. रस्सा वाढून झाल्यावर.