नेव्हच्या काठीवरचा जांभळा दोरा

अल्बनी,
१६ ऑगस्ट २००९, रविवार

प्रिय ऑड्री,

तुम्ही मायलेकी बऱ्या असाल. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण आता तो घरचाच झालाय. इथे आठवडाभर नैऋत्येचा वारा सुटलाय, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. काल शेजारच्या मर्लने भोपळ्याचं सूप आणलं आणि मी ते संपवेपर्यंत समोर उभी राहिली. म्हणते, "परवाचं मांजराला घातलंस, मला कळलंय."

तुझं लांबडं पार्सल जूनमध्येच पोचलं. पोच कळवली नाही, चुकलं. आत शेरिलची चिठ्ठी होती : मामा, आजोबांची ही काठी कोणी, कधी बनवली ते शोध, आणि जमलं तर मला वापरता येईल अशी कर. इथल्या अर्ध्या गावाच्या गळाच्या काठ्या मी नीट करून देतो, पण ही सात-आठ आठवडे बाकाखाली तशीच पडून होती. का, तेच लिहायला बसलोय. पण आधी शेरिलचं उत्तर.

बनवणाऱ्याचं नाव कुठे कोरलेलं नाही, म्हणून अंगावरच्या खुणांवरून जावं लागलं. खालचा भाग रंगूनच्या बांबूचा, पेरं तशीच ठेवलेली. वरचा भाग सहा कांबी चिकटवून केलेला. टोकाच्या कडीत अकीकाचा गुळगुळीत खडा बसवलाय, आणि तो अजून शाबूत आहे. मुठीच्या वरचं व्हार्निश स्पिरिटने हळूहळू पुसलं तेव्हा खाली शाईची अक्षरं दिसली : सिडनीच्या एका दुकानाचं अर्धंमुर्धं नाव, १९५२, आणि नेव्हच्या वडिलांची आद्याक्षरं. म्हणजे तुझ्या सासऱ्याने ती मुद्दाम करवून घेतली होती, खाऱ्या पाण्यासाठी, खडकावरून मोठा मासा ओढायला. तिला म्हणावं, अशी काठी आता कोणी करत नाही.

आता खरं काय ते.

१९६९च्या मार्चमध्ये, नेव्ह खडकावरून पडला त्याच्या दहा दिवस आधी, ही काठी त्याने माझ्याकडे दिली होती. दोन भाग जोडणारी पितळी नळी ढिली झाली होती. मी तेव्हा धक्क्यावरच्या शेडमध्ये हीच कामं करायचो. शुक्रवार होता, नाचाला जायची घाई होती. लाख तापवली, नळी बसवली, वर रेशमी दोरा गुंडाळला आणि पळालो. नळीतून एक बारीक खिळा आरपार मारायचा असतो, म्हणजे ताण आला तरी ती सरकत नाही. तो मी मारला की नाही, हे मला आठवेना. नेव्ह पडला त्या दिवशी आठवेना आणि पुढे चाळीस वर्षांत एकदाही आठवलं नाही.

मोठा किंगफिश लागला होता, नेव्ह मागे रेलून ओढत होता, काठी काडकन मोडली आणि तो पाठीवर घळीत गेला, हे तुला मी काय सांगणार. धक्क्यावर लोक म्हणाले, "जोडापाशी गेली." मी तुकडे पाहायला गेलो नाही. दवाखान्यात गेलो, तर नेव्हने मला पाहून तोंड भिंतीकडे फिरवलं. मला जे समजायचं ते मी समजलो. जूनमध्ये मी देशाच्या या टोकाला नोकरी धरली. तुला सांगितलं, पगार चांगला आहे. पगार काही चांगला नव्हता. त्याला कुबड्या घेऊन चालताना पाहायची माझी छाती नव्हती. यंदा मे महिन्यात त्याला पुरायलाही आलो नाही. कान दुखतो, विमानात बसता येत नाही, असं कळवलं. कानाला काहीसुद्धा झालं नव्हतं.

गेल्या मंगळवारी तुकडे बांधलेली दोरी एकदाची कापली आणि ते बाकावर मांडले. ऑड्री, काठी जोडापाशी मोडलेलीच नाही. जोडाच्या चांगली वीतभर वर मोडलीय. तिथे कसलासा जाड, चकचकीत लेप होता. खरवडला, तर खाली शिवणाचा साधा सुती दोरा निघाला, जांभळा. मी डावखुरा, माझे वेढे उलटे जातात; हे सुलटे होते. त्याखाली कांबींना लांब चीर आहे, आणि चिरेच्या आत तोच लेप उतरलाय. म्हणजे काठी मोडायच्या आधीच ती चिरलेली होती.

मग नळीवरचा माझा दोरा सोडवला, पितळ पुसलं.

खिळा आहे. मोहरीएवढं डोकं, पण आहे. लाखही इतकी पक्की की ज्योतीवर शेकल्याशिवाय नळी हलेना.

मी बाकाशी बसून मोठ्याने रडलो. कुंपणापलीकडून मर्ल ओरडली, "मेलास की काय रे?" मी म्हटलं, "नाही गं, आत्ताच सुटलो!" तिला काय कळलं असेल देव जाणे.

नेव्हला मी दोष देत नाही, तो बिचारा उत्तर द्यायला नाही. पण दोऱ्याचा तुकडा या कागदाला चिकटवलाय, तो कुठला ते तुलाच कळेल. चिरलेला भाग काढून मी नवी कांब सांधू शकतो, टिकेल. पण ही काठी पुन्हा उभी राहिलेली तुला बघवणार नसेल, तर तसं सांग. शेरिलची समजूत मी काढेन.

फार उशिरा लिहिणारा तुझा भाऊ,
क्लेम


बर्मागुई,
२७ ऑगस्ट

क्लेम,

गाढवा! पत्र उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. टोस्ट जळून कोळसा.

दोरा माझा. मार्जोरीच्या लग्नात करवल्यांचे झगे शिवले होते, त्यातला उरलेला. आणि लेप म्हणजे माझं नखांचं पॉलिश, अख्खी बाटली! तुझ्याकडून काठी आणली त्याच्या तिसऱ्याच दिवशी नेव्हने तिच्यावर गाडीचं दार आपटलं. मी म्हटलं, "क्लेमकडे ने ना परत." तर म्हणतो, "दाराचं कळलं तर तो धक्क्यावर सगळ्यांना सांगेल. वर्षभर माझी काही खैर नाही." मग जीभ बाहेर काढून स्वतःच दोरा गुंडाळत बसला. तुला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली.

दवाखान्यात तोंड फिरवलं ते लाजेने. त्याला वाटलं, तुकडे तू पाहिलेस आणि एका नजरेत सगळं ओळखलंस. तू निघून गेलास तेव्हा म्हणाला, "मी त्याचं काम बदनाम केलं, आता तो माझं तोंड पाहायचा नाही." दर नाताळला मी तुला फोन लावला की खुर्ची ओढून जवळ बसायचा. मी खुणेने म्हणायची, बोल की. तर हात हलवून, "नको, तूच बोल. पावसापाण्याचं विचार." आणि तू मला पावसापाण्याचंच सांगायचास. माझ्या एका कानाला एक गाढव, दुसऱ्या कानाला दुसरं.

माझंही ऐक. मला वाटत आलं की लंगड्या मेहुण्याला हात द्यावा लागेल म्हणून तू पळालास. म्हणून मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. नेव्हला पुरताना तू आला नाहीस तेव्हा तर ठरवूनच टाकलं, संपलं. काठी पाठवली ती शेरिलने जीव खाल्ला म्हणून.

आता रागावू कोणावर? एक गेला, एक तू, आणि शपथ पाळत बसलेली मी. काल दुपारी थडग्यापाशी जाऊन त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. "खिळा आहे" हे इतक्या जोरात वाचलं की पलीकडे फुलं ठेवणारी बाई दचकली. मग मी हसत सुटले, ती बाई जाईपर्यंत हसू थांबेचना. तो गेल्यापासून पहिल्यांदा हसले, क्लेम. छातीवरचं मोठं ओझं उतरलं, तुझंही आणि माझंही.

कांब सांध. शेरिलला ओढू दे मासे, मी बघायला जाईन. काठी घेऊन तूच ये, सप्टेंबर संपायच्या आत. रेल्वेने ये, बसने ये, कशानेही ये.

चाळीस वर्षं कार्डांवर मी नुसतं "ऑड्री आणि नेव्ह" लिहीत आले. नावाआधीचा शब्द हातातून उतरत नव्हता. आज उतरतोय.

तुझी बहीण,
ऑड्री