मोलेनडामचं मैदान कुणाच्या नावावर

मी, कामिल रोसब्रूक, वय एक्याऐंशी, राहणार मोलेनडाम, पूर्व फ्लँडर्स, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करत आहे. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. 'शुद्धीत' या शब्दाला माझा मुलगा वानेस हसला. तरी शब्द तसाच ठेवावा.

१. घर, सामानासह, वानेसला. तो माझा एकुलता एक आणि मोलेनडाम फुटबॉल क्लबचा अध्यक्ष. बहुधा शेवटचा.

२. कबुतरं शेजारीण इर्माला. ती त्यांना शिव्या घालते, पण दाणेही तीच टाकते.

३. पोटमाळ्यावरचे माझे फाटके बूट गास्तोंला. एका नव्या जोडीसाठी हा गडी आम्हाला सोडून कालव्यापलीकडच्या स्टेनवाल क्लबात गेला. बुटांची त्याला फार हौस.

४. आता मैदान. कालव्याकाठचं हे कुरण माझ्या वडिलांचं. जवसाच्या गिरणीतल्या कामगारांनी ते १९२६ साली तोंडी मागून घेतलं आणि क्लब उभा राहिला. रविवारी सामना, सोमवारपासून गाई. युद्धात जर्मनांनी गोलचे खांब जाळले, तेव्हा पोरांनी हॉपच्या वेली चढवायचे वासे आणून रोवले आणि खेळ चालू ठेवला. आम्ही वरच्या गटात एकदाच चढलो आणि वर्षभरात खाली आलो. माझी पॉला कँटीनमध्ये सूप वाढायची. हरलेल्यांना आधी, असा तिचा नियम. बहुतेक रविवारी आम्हीच आधी जेवलो.

हे मैदान क्लबला द्यायचं ठरवलं होतं. पण खेळाडू उरले नाहीत म्हणून आमचा क्लब आता स्टेनवालमध्ये विलीन होतोय, आणि दोन क्लब एकत्र झाले की फुटबॉल संघटनेच्या नोंदीत एकाचाच क्रमांक जगतो, दुसऱ्याचा कायमचा खोडतात. जूनअखेर आमचा खोडणार, स्टेनवालचा राहणार. मी वानेसला म्हटलं, विलीनीकरणाच्या कागदावर सही करू नकोस.

"बाबा, अकरा जण आणून दाखवा. आत्ता फाडतो कागद."

मी फोन घेऊन बसलो. कुणाला रविवारीही काम, कुणाचं बिऱ्हाड गेंटला. "कामिलकाका, इच्छा आहे हो, पण..." असं सगळेच म्हणाले. संध्याकाळपर्यंत सात झाले, त्यांत दोघे पन्नाशीचे. वानेस एका शब्दानं टोचून बोलला नाही. माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि कॉफी ठेवली. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

नोटरीबाई म्हणाल्या, "जो क्लब उरणारच नाही, त्याला कसं देणार?"

"मग वानेसला?"

"मला नका देऊ, बाबा," वानेस म्हणाला. "वारसाकर भरायला मला ते विकावं लागेल. घरं उभी राहतील तिथं."

५. सबब, सदर मैदान मी स्टेनवाल क्लबला देत आहे. हे लिहिताना मला रडू आलं, त्याची नोंद असावी. त्यांनी इथे खेळत राहावं, अशी अट मी घातली होती. ती कायद्यात टिकणार नाही, असं नोटरीबाई म्हणाल्या. म्हणून ही विनंती समजावी.

साक्षीला गावातले दोघे सांगून ठेवले होते. एक इस्पितळात आहे, दुसरा आला नाही. नोटरीबाईंनी स्टेनवालहून दोन तरुण बोलावले. सही करताना त्यांतल्या धाकट्यानं अगदी आदरानं विचारलं, "आजोबा, तुमच्या क्लबची जर्सी कुठल्या रंगाची?"

"पिवळी-काळी," मी म्हटलं.

"छान. मी कधी पाहिली नाही."

त्याचं घर कालव्याच्या पलीकडच्या काठावर, आमच्या मैदानाच्या अगदी समोर आहे.

सही: कामिल रोसब्रूक
साक्षीदार: योरिस फान हेके, स्टेनवाल
साक्षीदार: सेप्पे लॉवर्स, स्टेनवाल
स्थळ: माझं स्वयंपाकघर, मोलेनडाम
दिनांक: १४ जून २०२३